एक बोकड खाटेचा, एक खाणावळीचा

सोलापूर महाग आहे असं मी म्हटलं की पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणी हसतात. सोलापुरात कसला आलाय खर्च, म्हणतात. हसू देत बापड्या. स्वस्त काय आणि महाग काय, हे तुम्ही कुठल्या गावाहून येऊन एसटीतून उतरलात त्यावर ठरतं. मी मंगळवेढ्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरून आले होते. तिथं कुणी भाजी विकत आणलेली दिसली तर शेजारीण विचारायची, "का गं, पाव्हणं आल्यात का?" आणि सोलापुरात पहिल्याच दिवशी मी पाणी विकत घेतलं. पाणी! ती प्लास्टिकची बाटली मी पुढं वर्षभर भरून भरून वापरली, तेव्हा कुठं माझा राग निवला.

आमची कोरडवाहू शेती आणि मेंढरं-शेळ्या. त्यातली मेंढरं अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. शेळ्या मात्र बायकांच्या. आमच्याकडची ही जुनी रीत आहे. शेळीचं दूध, करडं, करडं विकून आलेला पैसा, सगळं त्या त्या बाईचं. पुरुष शेळ्या चारतील, बाजारात नेऊन विकतील, पण पैसे आणून बाईच्या हातात देतील. मी दहावी पास झाले तेव्हा आईनं आपल्या शेळ्यांतली एक तांबडी शेळी माझ्या नावानं केली. मैत्रिणींना मोबाईल मिळाले, घड्याळं मिळाली. मला शेळी मिळाली. तेव्हा मी दोन दिवस फुगून बसले होते. आता वाटतं, त्या मोबाईलवाल्यांपैकी एकीचाही मोबाईल व्याला नाही.

तांबडी मात्र दर खेपेला जुळी द्यायची. बारावीनंतर बी.एस्सी.साठी सोलापूरला जायचं ठरलं तेव्हा घरात एवढंच बोलणं झालं, की घरचा रोख पैसा धाकट्या भावाच्या डिप्लोमाला आणि मेंढरांच्या चाऱ्याला लागणार, त्यातून मला काही निघणार नाही. आई म्हणाली, "तिची शेळी तिला शिकवंल." झालं. वर्षाला दोन बोकड विकायचे. एक बोकड खाटेचा, एक खाणावळीचा.

खाट म्हणजे खरोखरच खाट. सोलापुरात आमच्यासारख्या मुलींना खोली परवडत नाही, खोलीतली एक खाट परवडते. होस्टेलच्या यादीत माझं नाव लागलं नव्हतं. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या आवाजात, एका तेलुगू बाईंच्या घरावर पत्र्याची खोली होती, तिच्यात तीन खाटा. त्या बाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. अक्का उंबऱ्यात बसून विड्या वळायच्या. बोटं चालू, तोंड चालू, आणि जिन्यावरून कोण किती वाजता वर गेलं त्यावर नजरही चालू. खाटेचं भाडं त्या सहा सहा महिन्यांचं आगाऊ घ्यायच्या. मी पहिल्या दिवशी घासाघीस करून बघितली. अक्का म्हणाल्या, "तू कमी देणार, मग मी पंखा कमी फिरवू का?" मला बाई आवडल्या.

पहिल्या वर्षी खाटेचा बोकड कसाबसा पुरला. खाणावळीचा मात्र दिवाळीतच संपला. अण्णांनी दोन्ही बोकड बाजारात विकले होते आणि पैसे रीतीप्रमाणे आणून माझ्या हातात दिले होते, पण ते मी धरले होते त्यापेक्षा बरेच कमी भरले. "बाजार पडल्याला हाय," अण्णा म्हणाले. बाजार पडलाय तर पडलाय, मी काय करणार होते?

मग मी कडक भाकरीवर आले. पातळ भाजून वाळवलेली ज्वारीची भाकरी. नीट ठेवली तर महिनाभर हलत नाही. आई दर पंधरा दिवसांनी मोठी चळत करून, सुती कापडात बांधून एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायची, आणि मी स्टँडवर जाऊन घ्यायची. भाकरी, शेंगाचटणी, दही. सकाळी ते, रात्री ते. दुपारी कॉलेजात कुणी वडापावला चल म्हटलं की मला लायब्ररीत काम असायचं. त्या वर्षी मी लायब्ररीत इतकं काम केलं की पहिल्या पाचांत आले.

खोलीतली दुसरी मुलगी अक्कलकोटच्या बाजूची, घरात कन्नड बोलणारी. तिची खाणावळ चालू होती आणि तिला तिथली पातळ डाळ बघून रडू यायचं. मी तिला चार भाकऱ्या द्यायची, ती मला डब्यातली भाजी आणायची. मी भाकरी वाढायला लागले की ती दोन्ही हात आडवे करून "साकू, साकू" म्हणायची, म्हणजे पुरे, आणि मग पाचवीही खायची. तीच मला शेळीवाली म्हणायची. एकदा कॉलेजच्या कँटीनसमोर मोठ्यानं म्हणाली. मी तेवढ्याच मोठ्यानं म्हटलं, "शेळीवालीच आहे मी. तू कुणाच्या जिवावर शिकतेस, ते सांग की." नंतर आम्ही दोघीही हसलो, पण माझे कान तापले होते हे खरं.

दुसऱ्या वर्षाच्या आधी, परीक्षा संपताना, अण्णांनी फोनवर सांगितलं, "यंदा बोकडांत भागलं न्हाय तर हितनं अप-डाऊन कर." आवाजात राग नव्हता. ते त्यांना सोपं वाटत होतं. पण आमच्या वस्तीवरून सोलापूर म्हणजे दोन एसट्या. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल संपून मी मंगळवेढ्याला पोचेपर्यंत वस्तीकडची शेवटची गाडी गेलेली असायची. माझ्या आधी चुलत बहिणीनं असं अप-डाऊन केलं होतं. आधी तिची प्रॅक्टिकलं सुटली, मग कॉलेज, आणि मग दारात लग्नाचा मांडवच पडला. अप-डाऊन म्हणजे शिक्षण बंद, फक्त ते कुणी तोंडानं म्हणायचं नाही. त्यामुळे यंदाचे दोन बोकड काय भावानं जातात, यावर माझं सगळं येऊन थांबलं होतं.

बोकड चांगले होते. तांबडीचेच जुळे, दोघांनाही दोन दात आलेले, शिंगं सरळ, कान अख्खे. बकरी ईदला असाच बोकड लागतो, खोड नसलेला. ईद तोंडावर आली होती आणि आमच्या गल्लीमागच्या मोहल्ल्यात दारोदारी बोकड बांधले होते. शेळ्यांमध्ये वाढलेल्या माणसाला बोकड दिसला की थांबल्याशिवाय राहवत नाही. मी रोज कॉलेजातून येताना थांबायची, बोकडाच्या पाठीवर हात फिरवायची आणि विचारायची, केवढ्याला घेतला? लोक आनंदानं सांगायचे. ईदचा बोकड केवढ्याचा, हे सांगायला कुणालाच संकोच नसतो. एक म्हाताऱ्या चाची तर मला आत बोलावून सरबत देऊन म्हणाल्या, "अठारा का लिये बेटा, देख, कैसा है?" मी दात बघितले, पाठ चाचपली. आमच्या बोकडांपेक्षा हलका होता. तोंडावर मात्र "लई चांगला हाय" म्हटलं.

घरी गेले ती हे अठरा हजार डोक्यात घेऊनच. बाजाराच्या दिवशी अण्णांना म्हटलं, मी येते.

"तू कशाला? बाया न्हाईत येत."

"शेळी माझी हाय न्हवं?"

आई चुलीपुढून म्हणाली, "येऊ द्या की. बोकडं तिला वळखत्यात, गप ऱ्हातील." आईनं असं म्हटलं की पुढं कुणी बोलत नाही.

बाजारात खरंच बाई अशी मी एकटीच होते. धूळ, लेंड्यांचा वास, सगळीकडून बें बें. अण्णा तिथं वेगळेच दिसत होते. लांबून चालणारा बोकड बघून ते सांगायचे, हा मागच्या उजव्या पायावर जपून टेकतोय. लोक त्यांना बोलावून जनावर दाखवत होते. मला अभिमान वाटला. मग एक हेडी आला. जनावरांच्या सौद्यातला मध्यस्थ, त्याला आमच्याकडे हेडी म्हणतात. वर्षानुवर्षं अण्णांची जनावरं तोच घेत होता. त्यानं "काय पाव्हणं," म्हणत अण्णांच्या खांद्यावर हात टाकला, चहा मागवला, घरच्यांची विचारपूस केली. आणि मग खांद्यावरचा रुमाल काढून अण्णांच्या हातावर टाकला.

ही बाजाराची पद्धत. भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमालाखाली एकमेकांचे हात धरायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. आजूबाजूच्यांना कळत नाही काय चाललंय. मी लहानपणापासून हे ऐकत आले होते, बघितलं पहिल्यांदा. रुमाल हलत होता आणि मी अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी एकदा मान हलवली, नको म्हणून. हेड्यानं हात सोडला नाही. हसत हसत, दुसऱ्या हातानं त्यांची पाठ थोपटत, रुमालाखाली तसाच धरून ठेवला. अण्णा खाली बघायला लागले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कुणाच्या दारात जेवायला बसवलं आणि आग्रह केला की त्यांचं असंच होतं. त्यांना ताट सारता येत नाही. पोट भरलं असलं तरी खातात.

तेव्हा मला लख्ख कळलं की गेल्या वर्षी बाजार पडला नव्हता.

"किती झालं?" मी मोठ्यानं विचारलं.

हेडी हसला. "पोरी, आसं इचारायचं नसतंय."

"अण्णा, किती?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. पुटपुटले, "एकाचं साडेतेरा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. साडेतेरा म्हणजे खाट कशीबशी आणि खाणावळ पुन्हा दिवाळीपर्यंतच. साडेतेरा म्हणजे दोन एसट्या. आणि त्याहीपेक्षा राग आला तो त्या थोपटणाऱ्या हाताचा. मी पुढं झाले, हेड्याचा रुमाल धरून ओढला आणि त्याच्या हातात दिला.

"बोकडं माझी हायत," मी म्हटलं. "सौदा माझ्याशी करा."

तो भोवतालच्या लोकांकडे बघून म्हणाला, "आता पोरीबाळीच्या हातात हात घालू व्हय मी?"

"हात कशाला घालताय? तोंड हाय की. तोंडानं बोला."

भोवतीची माणसं हसली. काही जण तर करमणूक म्हणून जवळ सरकले. मी दोन्ही बोकडांचे कासरे धरले आणि ओरडूनच सांगितलं, दोन दात, तांबड्या शेळीचे जुळे, खोड नाही, सोलापुरात याच्यापेक्षा हलका बोकड अठराला गेलाय, मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. हेडी म्हणाला, सोलापूरचा भाव सोलापुरात. मी म्हटलं, मग घेऊन जाते की सोलापूरला, एसटीत मला अर्धं तिकीट हाय. यावर हशा झाला. आणि त्या हशातून मागून एक माणूस पुढं आला, सोलापूरहून टेम्पो घेऊन आलेला. त्यानं बोकडाचं तोंड उघडून दात बघितले आणि सरळ म्हणाला, "सोला देतूं." हेड्याला आता गप्प बसवेना. तो सतरा म्हणाला. आकडा एकदा मोकळ्या हवेत आला की तो मागं घेता येत नाही, हे मला तिथं उभं राहून कळलं. टेम्पोवाल्यानं एकेकी साडेसतराला दोन्ही घेतले.

माझं वर्ष निघालं. खाट निघाली, खाणावळ निघाली. मला नाचावंसं वाटत होतं. मी वळून अण्णांकडे बघितलं, तर ते तिथं नव्हते. बाजाराच्या फाटकापाशी, लिंबाच्या झाडाखाली, पाठ करून उभे होते.

परतीच्या वाटेवर ते एक शब्द बोलले नाहीत. घरी आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "तिला इचार." जेवले आणि मेंढरांकडे झोपायला गेले. पुढचे दिवसही तसेच. मी काही चुकीचं केलं असं मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. तोच प्रसंग पुन्हा आला तर मी तोच रुमाल पुन्हा ओढीन. पण त्यांच्या ओळखीच्या माणसांपुढं, जिथं त्यांच्या शब्दाला मान होता त्या बाजारात, मी त्यांना बाजूला सारलं होतं. सोलापूरला निघाले त्या दिवशी ते मला गाडीवर बसवायला आले नाहीत. पिशवी आईनं आणली. एसटीत मी रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, "सासरला चालली का गं?" तर हसूही आलं.

दुसरं वर्ष थाटात सुरू झालं. अक्कांना सहा महिन्यांचं भाडं एकदम मोजून दिलं. त्यांनी विडीचं सूप बाजूला ठेवून नोटा घेतल्या आणि म्हणाल्या, "यंदा तोंडावर तेज आलंय. खाणावळ लावलीस?" लावली होती. दोन वेळची. आणि एका दुपारी मी स्वतःहून सगळ्यांना म्हटलं, चला वडापाव खाऊ, मी देते. अक्कलकोटवालीनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. रविवारी झेरॉक्सच्या दुकानात बसायचं कामही मी मिळवलं, पुस्तकांचं त्यातून भागायचं. केळी बाजार उठताना घ्यायची, चालत जाण्याजोगं अंतर चालायचं, पैसे खर्च करायच्या आधी एकदा तांबडीला आठवायचं. या शहराशी माझं आता जमलं होतं. फक्त घरून फोन आला की आईच बोलायची. "अण्णा कुटं हायत?" विचारलं की म्हणायची, "हितंच की, मेंढरात."

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. मी प्रयोगशाळेत होते, अंगात ॲप्रन, हातात ब्युरेट. खिशात फोन वाजायला लागला. बघितलं तर अण्णा. अण्णा कधीच स्वतःहून फोन लावत नाहीत. त्यांना नंबर काढता येतो की नाही हेही मला माहीत नव्हतं. मी मॅडमना न विचारताच पळत व्हरांड्यात आले.

"काय झालं अण्णा?"

मागून बें बें ऐकू येत होतं.

"काय न्हाय. बाजारात हाय," ते म्हणाले. "तुझ्या आईची दोन बोकडं आणल्यात. ह्यो आलाय. तुझ्या वळखीचा."

"मग?"

"रुमाल टाकलाय त्यानं हातावर."

अण्णा अगदी हळू, पण मला नीट ऐकू जाईल असं म्हणाले, "मला न्हाय म्हणाया जमत न्हाय गं. कवाच जमलं न्हाय. तू म्हण की."

व्हरांड्यातल्या खांबाला मी पाठ टेकली. ही वेळ रडायची नव्हती, सौद्याची होती.

"दात किती आल्यात?" मी विचारलं.

"दोन. पांढऱ्याचं नुकतंच फुटल्यात. अंगानं भरल्यालं हाय, तुझ्या बोकडांच्या वरचढ."

"फोनचा आवाज मोठा करा. आणि त्याला भाव तोंडानं बोलायला सांगा."

पलीकडं खुडबुड झाली. आवाज मोठा कसा करायचा ते त्यांनी कुणाला तरी विचारलं. मग हेड्याचा ओळखीचा, गोड आवाज आला. घरची खुशाली, अभ्यास कसा चाललाय, आणि शेवटी आकडा. ऐकूनच मला गेल्या वर्षीची दिवाळी आठवली.

"न्हाय," मी म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की प्रयोगशाळेच्या दारातून दोन डोकी बाहेर आली.

मग अण्णांचा आवाज आला. ते माझ्याशी बोलत नव्हते, त्याच्याशी बोलत होते, आणि भोवतालच्या सगळ्यांना ऐकू जावं असं बोलत होते.

"ऐकलं न्हवं?" ते म्हणाले. "माझी पोरगी न्हाय म्हणती."